जिवंत माणसाच्या फोटोला हार

माझ्या ऑफिसात नवीन मुलगी आली की तिच्याकडे आधी सणाच्या पोस्ट द्यायच्या, अशी पद्धत होती. बारामतीत सोशल मीडियाचं काम म्हणजे निम्मं तेच. खत-बियाण्यांचं दुकान असो, दवाखाना असो, ट्रॅक्टरची एजन्सी असो, प्रत्येकाला प्रत्येक सणाला स्वतःच्या नावाने शुभेच्छा द्यायच्या असतात. संक्रांत, शिवजयंती, बेंदूर, दहावीचा निकाल, मालकाचा वाढदिवस, मालकाच्या मुलाचा वाढदिवस. चित्र तेच, खालचा लोगो वेगळा, कोपऱ्यातला फोटो वेगळा. डोकं लावायचं काम नव्हतं. पण ते करता करता मुलींना कळायचं की कुणाचा फोटो मोठा, कुणाचा वर, धाकट्या भावाचा फोटो थोरल्याच्या बरोबरीने कधी लावायचा आणि कधी अजिबात लावायचा नाही. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. चुकलं की मालकाचा फोन येतो. ती बोलणी एकदा खाल्ली की मुलगी पुन्हा चुकत नाही.

मीही तशीच शिकले. नवऱ्याचं फ्लेक्सचं दुकान. पुढे गिऱ्हाइकं फ्लेक्सबरोबर फेसबुकचंही विचारायला लागली, तेव्हा नवरा म्हणाला, "ते तू बघ." मी बघितलं. आता खाली त्याचं मशीन चालतं आणि वरच्या मजल्यावर माझं ऑफिस.

एआय आमच्याकडे आणलं ते आमच्या डिझायनरने. एका सकाळी त्याने सगळ्या गिऱ्हाइकांच्या पोस्ट चहा यायच्या आत करून दाखवल्या. तेव्हा माझ्याकडे दोन मुली होत्या. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मी कुणाला काढलं नाही, तशी वेळच आली नाही. एक पतसंस्थेत लागली, दुसरीचं फलटणला लग्न झालं, आणि डिझायनरला पुण्यात नोकरी मिळाली. मी त्यांच्या जागा भरल्या नाहीत. काम अडत नव्हतं. गिऱ्हाइकंही बोलून दाखवायची, "वहिनी, मशीनच करतंय सगळं, तर पोरी कशाला ठिवताय?"

तरी मी एक मुलगी घेतली. मी आजारी पडले तर ऑफिस उघडायला कुणीतरी हवं, एवढाच विचार होता. मुलगी कळंबची. आजोबांच्या काळापर्यंत घरी मेंढरं होती, आता वडील हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतात. तिने बारामतीत कॉलेज केलं, वर डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला. तिला मी दिवाळीपर्यंत बघते म्हणून सांगितलं. तीही स्पष्ट बोलली.

"मॅडम, दिवाळीला न्हाय म्हणालात तर पप्पांनी एमआयडीसीत पॅकिंगला नाव घातलंय. दिवाळीनंतर तितं हजर व्हायचं."

"पॅकिंगचं काम वाईट नसतं."

"वाईट न्हाय. मला करायचं न्हाय."

मला हे उत्तर आवडलं. त्यात रडगाणं नव्हतं.

एआय तिला आमच्या डिझायनरपेक्षा चांगलं चालवता येत होतं. तिघा-चौघांचं आठवड्याचं काम ती दुपारपर्यंत संपवायची. पण एखाद्या पोस्टवर बोट ठेवून मी विचारलं, "चेअरमन डावीकडे का?" तर ती म्हणायची, "आलंय तसं." उत्तर तिच्या हातात असायचं, त्यामागचं कारण नसायचं. आधीच्या मुलींना कारण कळायचं ते चुकत चुकत केलेल्या हमालीतून. ती हमाली आता मशीन करत होतं, आणि कारण शिकायची दुसरी जागा मी काही केलेली नव्हती.

इंदापूरच्या बाहेर माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची रोपवाटिका आहे. ऊस आणि डाळिंबाची रोपं. ती ज्यांनी उभी केली त्यांना सगळा तालुका आबा म्हणतो, मीही आबाच म्हणते. गणपतीच्या आधी आबांची पंचाहत्तरी आली. त्यांच्या थोरल्या मुलाने सांगितलं, "वहिनी, पेजवर टाका, स्टेटसला टाका, ग्रुपवर टाका. सकाळी माणसं उठायच्या आत पडली पायजे."

मुलीने पोस्ट चांगली केली होती. आडवं चित्र. फेटा बांधून हसणारे आबा, मागे हिरवी रोपं, वर झेंडूचं तोरण, खाली ठळक अक्षरात वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी बघितली आणि हो म्हटलं. स्टेटससाठी तेच चित्र उभं लागतं. आधी हे डिझायनर हाताने करायचा आणि जाताना मला दाखवून जायचा. आता एक बटण आहे, ते दाबलं की सगळे आकार आपोआप होतात. तिने बटण दाबलं, सकाळची वेळ लावली आणि ती कळंबच्या गाडीला गेली.

उभ्या चित्रात वरचं तोरण मावत नव्हतं. मशीनने ते फोटोच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडलं आणि छातीशी जोडलं. खाली जागा मोकळी राहिली, तिथे दोन पेटलेल्या समया ठेवल्या. शुभेच्छा बारीक झाल्या आणि अगदी तळाला गेल्या.

आमच्याकडे फोटोला हार आणि बाजूला समई दिसली की खालचं कुणी वाचत नाही. वाचायचं काय असतं त्यात?

सकाळी थोरल्याचा फोन आला. "वहिनी, आबांना मारलं का तुमी?"

मला काही कळेना. मागे गलका ऐकू येत होता.

"दारात माणसं जमल्यात. खांद्यावर टॉवेल टाकून आल्यात. भिगवणचं पाव्हणं गाडी करून निघालंत. एकानं तर बांबूची चौकशी केलीया!"

"आणि आबा?"

"आबा हितं च्या पित्यात!"

मी स्टेटस बघितलं, आकार बदलताना मशीनने घोळ केल्याचं थोरल्याला सांगितलं आणि पोस्ट काढून टाकली. उपयोग नव्हता. लोकांनी स्टेटसचा फोटो काढून ग्रुपवर पाठवला होता, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून. मार्केटात दोन दुकानांनी शटर अर्ध्यावर घेतल्याचं नंतर कळलं.

मुलगी एसटीने आली ती पांढरी पडून. तिला बसमध्येच समजलं होतं. पुढच्या सीटवर दोघं आबांच्या चांगुलपणाबद्दल बोलत होते. कोण आबा म्हणून तिने मोबाईल उघडला, आणि स्वतःच केलेली पोस्ट समोर आली.

"मी एवढीच बघितली न्हाय, मॅडम. आडवी बघितली. उभी बघितली न्हाय."

"गाडीत बस. इंदापूरला जायचंय."

"मी कशाला? त्यानला अजून राग येईल."

"येऊ दे. पोस्ट तू केलीस."

वाटेत तिने मोबाईलवर माफीचा मजकूर करून घेतला. अर्थात एआयकडून. मला वाचून दाखवायला लागली, मी म्हटलं, "मला नको. तिथं वाच."

रोपवाटिकेला लागूनच त्यांचा बंगला. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, आबा मधल्या खुर्चीत, टोपी मागे सरकलेली. येईल त्याला हात जोडून सांगत होते, "या, या. मीच हाय." त्यांचा एक मेहुणा रडतच फाटकातून आत आला. आबांना बघितल्यावर त्याचं रडं थांबलं आणि तो चिडला.

"मग मला कशाला पळवलं एवढ्या लांबनं? गुडघं दुखत्यात माझं!"

"आलायस तर जेवून जा की," आबा म्हणाले. "मेल्यावर मी कुठं वाढणाराय तुला?"

थोरला आमची वाटच बघत होता. मुलीकडे न बघता मला म्हणाला, "वहिनी, ह्या पोरीला आधी काढा. न्हायतर आमचं काम बंद."

आबांनी तिला पुढे बोलावलं. "तूच का मला मारणारी?"

"व्हय, आबा."

"ह्यो तर म्हणत व्हता मशीननं केलं."

"आकार मशीननं बदलला. बघायचं काम माझं व्हतं. मी बघितलं न्हाय."

"आन आता काय आणलंय लिवून? वाच."

तिने वाचलं. "तांत्रिक त्रुटीमुळे आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आबांनी मेहुण्याकडे बघितलं. "गैरसोय? मी मेलो न्हाय, ही गैरसोय?"

"माझी झाली की," मेहुणा म्हणाला. अंगणातली सगळी माणसं हसली. थोरला तोंड फिरवून उभा राहिला.

तेवढ्यावर मिटलं असतं तर बरं होतं. पण आबांच्या मनात दुसरंच होतं. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, हे ते बसल्या बसल्या बघत होते. "इकास सोसायटीचा एक माणूस फिरकला न्हाय," ते म्हणाले. "लांबचं आलं, ही जवळची न्हाय आली." कुणीतरी समजूत काढली, "त्यांनी वाचलं असंल, आबा, वाढदिवस हाय म्हणून." आबा म्हणाले, "वाचलं असतं तर शुभेच्छा द्यायला आलं असतं."

आणि आत आजी होत्या. त्या बाहेर आल्याच नव्हत्या. मी मुलीला घेऊन आत गेले. भोवती बायका बसलेल्या. आजी माझ्याशी बोलल्या नाहीत, सरळ तिच्याशी बोलल्या.

"नातवानं दाखवला मला. मी चुलीवरनं दूध उतरवत व्हते. ह्ये भायेर बसल्यात ह्ये मला ठावं हाय, तरी दारातनं डोकावून बघितलं मी. कुंकू लावलेल्या बाईनं असला फोटो बघायचा असतो व्हय?"

मुलगी खाली बसली. "आजी, काय करू मी?"

"त्यो फोटो काढ. सगळ्यांच्या मोबाईलातनं काढ."

असं होत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मुलगी आधी बोलली. "सगळ्यांच्यातनं न्हाय निघायचा, आजी. खोटं कशाला सांगू? पण ज्येनी ज्येनी पुढं पाठवलाय, त्येनला एकेकाला फोन करते. काढा म्हणून सांगते."

आजींनी पदर सावरला. नको म्हणाल्या नाहीत.

तिने थोरल्याचा मोबाईल मागून घेतला आणि रोपांच्या शेडनेटच्या दारात पालथ्या क्रेटवर बसली. एकेक ग्रुप उघडायचा, फोटो कुणी टाकलाय बघायचं, त्याला फोन लावायचा. "मी ती पोस्ट करणारी बोलतीय. आबा खुशाल हायत. चूक माझी झाली. फोटो काढून टाका, आन तुमी कुणाला पाठवला ते बी सांगा." कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. एकाने विचारलं, "मग दहाव्याला यायचं न्हाय का?" ती म्हणाली, "वाढदिवसाला या. आजच हाय." एकीने तिला बराच वेळ झापलं, मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. तरी ती पुढचा नंबर लावत राहिली. माफीचा मजकूर तिने एकदाही वाचला नाही. मी मधे पडले नाही. मी पडले असते तर ते माझं काम झालं असतं.

दुपारी आबा उठून शेडनेटमध्ये आले. "एवढं फोन करण्यापरीस मलाच बोलू दे की एकदा." तिने व्हिडिओ चालू करून मोबाईल धरला. आबांनी उसाच्या रोपांचा एक ट्रे उचलला, आणि काही ठरवलेलं नसताना बोलले, "मी हाय. रोपं बी हायत. ज्येनी टॉवेल आणला त्येनी धुऊन ठिवा, लागंल कवातरी. आज जेवायला या."

मी म्हटलं, टाक. ती म्हणाली, "आधी आजींना दाखवते."

आजींनी तो नीट बघितला. मग सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "टोपी सरळ करा म्हणावं त्यांची. आन बाजूला त्यो वाळका ट्रे कशाला दिसतोय? रोपं मेल्यागत." पुन्हा करावं लागलं. आबा कुरकुरले, पण टोपी सरळ करून उभे राहिले. दुसऱ्यांदा केलेला आजींनी पास केला, मग तो गेला. तोही ग्रुपवर फिरला. श्रद्धांजलीएवढा नाही, पण फिरला. संध्याकाळकडे सोसायटीची माणसं पेढे घेऊन आली. आबांनी त्यांना बराच वेळ उभंच ठेवलं आणि मग बसा म्हणाले.

थोरला मात्र बधला नाही. निघताना गाडीपाशी आला. "मी बोललो ते बोललो, वहिनी. पोरगी ऱ्हायली तर काम न्हाय."

"मग काम राहू दे," मी म्हटलं. "चूक झाली तर ती तोंड लपवून घरी बसली नाही, दिवसभर तुमच्या दारात बसून निस्तरली. अशी मुलगी मी काढणार नाही. तुमचं काम कुणाला द्यायचं ते तुम्ही बघा."

त्याने ते भाच्याला दिलं. भाचा मोबाईलवर एआयनेच करतो, मी बघते अधूनमधून, बरं करतो. जुनं गिऱ्हाईक गेलं याचं मला वाईट वाटलं, पण मुलीला काढून ते ठेवलं असतं तर माझ्याकडे उरलं काय असतं? एक बटण. ते भाच्याकडेही आहे.

येताना गाडीत मी तिला सांगितलं, "नोकरी अजून पक्की नाही. आजचं आजपुरतं झालं. दिवाळीपर्यंत काम बघणार."

"व्हय, मॅडम," ती म्हणाली आणि इंदापूर सुटायच्या आत झोपली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाची पद्धत बदलली. सकाळी ऑफिसात बसून मशीनकडून जे करून घ्यायचं ते घ्यायचं. मग बाहेर पडायचं आणि एका गिऱ्हाइकाकडे जाऊन बसायचं. दुकानात, दवाखान्यात, गोडाऊनमध्ये. कोण येतं, काय विचारतं, कशावर अडतं ते ऐकायचं. आणि एक नियम, तो आजींकडून घेतला: प्रत्येक पोस्ट, प्रत्येक आकार, मालकाच्या घरातल्या एका माणसाला दाखवल्याशिवाय जाणार नाही. शक्यतो बाईला.

गिऱ्हाइकांनी कटकट केली. "पोरगी नुसती येऊन बसती." एकाने विचारलं, "ही माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलीय काय?" मुलीनेही पहिले काही दिवस काय करायचं ते न कळून नुसती स्टुलावर बसून काढले. एकदा म्हणाली, "मॅडम, हितं शिकवत कुणीच न्हाय." मी म्हटलं, "आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. विचार."

मग ती विचारायला लागली. सोमेश्वरनगरला माझं एक ताडपत्रीचं दुकान आहे, म्हणजे गिऱ्हाइकाचं. हंगामाच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांना झोपड्यांवर टाकायला ताडपत्री लागते. आम्ही दरवर्षी पेजवर जाहिरात करायचो आणि मालक दरवर्षी म्हणायचा, काही उपयोग होत नाही. मुलगी तिथे बसली आणि दोन-तीन दिवसांनी येऊन म्हणाली, "टोळीतलं कुणी पेज बघत न्हाय. मुकादम सगळ्यांची मिळून घेतो, आन त्यो आधी फोनवर भाव विचारून मगच गाडी थांबवतो. पेजचं पैसं वाया चाललंत." तिने मालकाच्या आवाजात एक छोटा निरोप रेकॉर्ड करून घेतला आणि गेल्या वर्षीच्या मुकादमांना व्हॉट्सॲपवर पाठवला. कुठला माल, कुठल्या मापाचा, दुकान कुठे. निरोप कसा मांडायचा हे तिने एआयलाच विचारलं होतं. त्यात काही वावगं नाही. काय विचारायचं हे तिला आता कळत होतं. मालकाने त्या आठवड्यात तिच्याबद्दल तक्रारीचा फोन केला नाही. आमच्या धंद्यात ही शाबासकी.

दिवाळीच्या आधी ती स्वतःहून माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, पप्पांना सांगायचंय. पॅकिंगचं व्हय म्हणू का न्हाय?"

"बस."

ती बसली नाही.

"मी पक्की करते," मी म्हटलं. "पण पक्की म्हणजे काय ते ऐक. आम्ही फ्लेक्स आणला तेव्हा बारामतीतले बोर्ड रंगवणारे पेंटर घरी बसले. ते मी बघितलंय. उद्या तुझंही काम जाऊ शकतं, माझंही. त्याची हमी मी देत नाही. हमी एवढीच की तसं दिसायला लागलं तर तुला पहिल्यांदा कळेल, आणि तोवर दर वर्षी तुला एक नवीन काम यायलाच पाहिजे. येत नसेल तर मी बोलणार."

"मशीन बी दर वर्षी नवीन शिकतंय, मॅडम."

"मग तू बसून राहू नकोस."

तिथेच उभी राहून तिने फोन लावला. "पप्पा, पॅकिंगचं नाव काढा... न्हाय, ऑफिसातच... व्हय, पगार हाय... न्हाय, मशीन हाय तरी बी लागतंय माणूस... आता कसं सांगू फोनवर, घरी आल्यावर सांगते."

फोन ठेवल्यावर मी तिला सांगितलं की दिवाळीनंतर आणखी एक जण घेणार आहे. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, काही न येणारी.

"आणखी एक कशाला? मशीन हाय, मी हाय."

"तू बाहेर असतेस. पोस्ट बघायला दुसरे डोळे लागतात. आणि कोरी पोरं आपण घेतली नाहीत तर ती कुठून शिकून येणार? सगळ्यांनी शिकलेलीच मागितली तर शिकवायचं कुणी?"

"मी शिकवायचं?"

"मग कोण?"

तिचं तोंड वाकडं झालं. नवीन माणूस म्हणजे स्वतःचं काम सांभाळून वरचं काम, हे तिला लगेच कळलं होतं. नाही मात्र म्हणाली नाही.

दिवाळीनंतर नवीन मुलगी आली. चांगला लॅपटॉप घेऊन आली, आल्या आल्या तो उघडून बसली आणि मला विचारलं, "मॅडम, कुठला एआय वापरता?" मी कळंबच्या मुलीकडे बोट दाखवलं. ती बॅग खांद्याला लावूनच उभी होती.

"ते आल्यावर दावते," ती नवीन मुलीला म्हणाली. "आधी दवाखान्यात जायचंय. तितं बाकड्यावर बसायचं, पेशंटच्या संगं आलेली माणसं काय काय विचारत्यात ते ऐकायचं. आन मधी बोलायचं न्हाय."

"किती वेळ बसायचं?"

"कटाळा येईस्तवर. मग अजून थोडा."

दोघी जिना उतरून गेल्या. मी दिवसाच्या पोस्ट उघडल्या आणि सगळे आकार एकेक करून बघायला लागले.